तंबू, गुणांची वही आणि एक बंद दार : स्काउट शिबिर स्पर्धेचा इतिहास

१/
शनिवार-रविवारची स्काउट शिबिर स्पर्धा तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाहिली असेल, काहींनी तीत भागही घेतला असेल. शुक्रवारी सायंकाळी मुले पाठीवर सामान घेऊन मैदानावर उतरतात, अंधार पडण्यापूर्वी तंबू उभे करतात आणि रविवारी दुपारी एका तुकडीच्या हाती ढाल येते. या दोन दिवसांच्या खेळामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक वेढा पडलेले गाव आहे, एक बेट आहे आणि भारतीय मुलांसाठी काही वर्षे बंद राहिलेले एक दारही आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम परीक्षकाच्या वहीत डोकावू. तंबूच्या दोऱ्या सारख्या ताणलेल्या आहेत का? पावसाचे पाणी वाहून जाण्याची सोय आहे का? चूल वाऱ्याची दिशा पाहून मांडली आहे का? भांडी घासून पालथी घातली आहेत का? निघताना राख विझवून जागा होती तशी केली का? या प्रत्येक गोष्टीला गुण असतात. मात्र ते एकट्या मुलाच्या नावावर जमा होत नाहीत. सहा ते आठ जणांच्या तुकडीला, म्हणजे पॅट्रोलला, ते मिळतात. एकाने गाठ सैल बांधली, तर गुण सर्वांचे जातात.

३/
ही पद्धत आली कोठून? त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावी जावे लागेल. ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर सैन्याने या गावाला वेढा घातला. तो २१७ दिवस चालला आणि मे १९०० मध्ये उठला. आत अडकलेल्या ब्रिटिश सैन्याचा प्रमुख होता रॉबर्ट बेडन-पॉवेल. लढण्यासाठी माणसे अपुरी होती. म्हणून गावातील किशोरवयीन मुलांचे एक पथक उभारण्यात आले. निरोप पोहोचवणे, पहारा देणे, इस्पितळात मदत करणे ही कामे त्यांच्याकडे आली. ती मुले आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून निरोप नेत. जबाबदारी टाकली की मुले ती पेलतात, हा धडा बेडन-पॉवेलने येथे घेतला.

४/
या कथेचा एक धागा भारतातूनही जातो. बेडन-पॉवेल १८७६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून भारतात आला होता. पुढे १८९७ ते १८९९ या काळात मेरठ येथे घोडदळाच्या रेजिमेंटचे नेतृत्व करताना त्याने सैनिकांना टेहळणीचे शिक्षण दिले. माग काढणे, नकाशा काढणे, खुणांवरून निष्कर्ष बांधणे असे हे शिक्षण लहान लहान गटांत दिले जाई. त्या अनुभवावर त्याने सैनिकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. ते १८९९ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता शाळकरी मुले आणि शिक्षकही ते वाचू लागले. मायदेशी परतल्यावर हे त्याच्या ध्यानी आले आणि मुलांसाठी स्वतंत्र पद्धत रचण्याचा विचार पक्का झाला.

५/
त्या विचाराची परीक्षा ऑगस्ट १९०७ मध्ये झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरात ब्राउनसी नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे सुमारे वीस मुलांचे आठवडाभराचे शिबिर भरले. पहाटे मुलांना जागे करण्यासाठी बेडन-पॉवेल आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकत असे. मुलांच्या चार तुकड्या होत्या : लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणथळीतील पक्षी. प्रत्येकाच्या खांद्यावर आपल्या तुकडीच्या रंगाची फीत होती.

६/
हे शिबिर लक्षात राहते ते मुलांच्या निवडीमुळे. निम्मी मुले ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर उरलेली पूल आणि बोर्नमथ या गावांतील सामान्य, कष्टकरी कुटुंबांतील. शुल्कही परिस्थितीनुसार होते. श्रीमंत मुलांसाठी एक पौंड, गावातील मुलांसाठी साडेतीन शिलिंग. एका पौंडात २० शिलिंग, हे ध्यानात घेतले तर फरक कळेल. त्या काळच्या इंग्लंडात ही मुले एरवी एका पंगतीला बसली नसती. येथे ती एकाच तंबूत झोपली आणि एकाच चुलीवर शिजलेले जेवली.

७/
प्रत्येक तुकडीचा तळ वेगळ्या जागी होता. तुकडीच्या वागणुकीची पूर्ण जबाबदारी तिच्या नायकावर, म्हणजे एका मुलावरच टाकली होती. रोज रात्री एक तुकडी पहाऱ्यावर जाई. पीठ, बटाटे, मांस आणि चहा असा शिधा घेऊन ती ठरवून दिलेल्या जागी मुक्काम करी आणि स्वतःच स्वयंपाक करी. काम असो वा खेळ, चढाओढ तुकड्यांमध्येच असे. जबाबदारी आणि चुरस एकत्र आली की शिस्त लावण्यासाठी छडी लागत नाही, असा बेडन-पॉवेलचा अनुभव होता. आजच्या शिबिर स्पर्धेतील गुणांच्या वहीचे मूळ येथे सापडते.

८/
जानेवारी १९०८ पासून मुलांसाठीचे त्याचे पुस्तक पाक्षिक भागांत निघू लागले. मुलांनी संघटना निघण्याची वाट पाहिली नाही. पुस्तक वाचून त्यांनी आपापल्या तुकड्या स्वतःच उभ्या केल्या. या पुस्तकातील एक खेळ आजही स्पर्धांत असतो. थाळीत काही वस्तू ठेवतात, मिनिटभर पाहू देतात, मग झाकून आठवायला सांगतात. हा ‘किमचा खेळ’. रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीतून तो घेतला. कादंबरीतला लाहोरचा किम हा खेळ शिकतो तो सिमल्याच्या एका दुकानात.

९/
शिबिराच्या मैदानावर कोणी उभे राहायचे, हा प्रश्न लगेचच उपस्थित झाला आणि तो विचारला मुलींनी. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा प्रचंड मेळावा भरला. दहा हजारांहून अधिक मुले आली होती. त्यांच्यात गणवेश घातलेल्या काही मुलीही होत्या. अनेक मुलींनी आधीच नोंदणी केली होती आणि आपण मुली आहोत हे कळू नये म्हणून काहींनी नावाची केवळ आद्याक्षरे दिली होती. त्यांना परत पाठवणे अवघड झाले. पुढल्याच वर्षी बेडन-पॉवेलची बहीण ॲग्नेस हिच्या नेतृत्वाखाली मुलींसाठी गाइड संघटना सुरू झाली.

१०/
याच वर्षी, १९०९ मध्ये, स्काउटिंग भारतात आले. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे पहिले पथक सुरू केले. पुढील दोन वर्षांत पुण्याजवळ खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास अशा ठिकाणी पथके निघाली. १९११ मध्ये जबलपूरला मुलींचे पहिले गाइड पथकही स्थापन झाले. ठिकाणांची ही यादी पाहिली की छावण्या, रेल्वेची केंद्रे आणि थंड हवेची गावे डोळ्यांपुढे येतात. कारण उघड आहे. या पथकांत प्रवेश होता तो फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. लोणावळ्याच्या डोंगरात माग काढायला शिकणाऱ्या त्या मुलांत मावळातले पोर नव्हते.

११/
सरकारला भीती होती. काळच तसा होता. १९०५ ची बंगालची फाळणी, १९०८ चा मुझफ्फरपूरचा बॉम्ब, १९०९ मध्ये अनुशीलन समितीवर आलेली बंदी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. अशा वेळी भारतीय मुलांना नकाशे वाचायला, संकेतांनी निरोप द्यायला आणि रानात लपून राहायला आपणच शिकवावे, ही कल्पना राज्यकर्त्यांना रुचणे शक्य नव्हते. लंडनमध्ये जी चारित्र्याची शाळा मानली जात होती, तीच भारतात बंडाची शाळा ठरेल असे त्यांना वाटले.

१२/
यातील विसंगती नीट पाहा. प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटाचा भाऊ आहे, मग तो कोणत्याही सामाजिक वर्गाचा असो, असा नियम स्काउटांच्या आचारसंहितेत पहिल्यापासून होता. ब्राउनसीवर तो पाळलाही गेला. भारतात मात्र भाऊ ठरण्यापूर्वी कातडीचा रंग पाहिला जात होता. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी ‘कब’ विभाग निघाला, तेव्हा त्याची सारी कल्पनासृष्टी किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून घेतली गेली. अकेला, बगीरा ही नावे येथली आणि जंगल सिवनीचे. तेथून वाहणारी वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीत येते. गोष्टीतला मोगली चालत होता. प्रश्न होता तो खऱ्या मोगलीचा.

१३/
भारतीयांनी त्या दारापाशी बसून राहणे पसंत केले नाही. १९१३ मध्ये विव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात भारतीय मुलांसाठी स्काउटिंग सुरू केले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने मद्रासला भारतीय मुलांची स्वतंत्र स्काउट संघटना स्थापली. तिच्या गणवेशात फेटा होता. त्याच वर्षी बेझंट यांनी होमरूल लीगही काढली आणि १९१७ मध्ये सरकारने त्यांना अरुंडेल यांच्यासह स्थानबद्ध केले. मुलांना तंबू ठोकायला शिकवणारी माणसेच स्वराज्य मागत होती!

१४/
उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूरला काम उभे केले होते. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळावर त्यातून अलाहाबादची सेवा समिती स्काउट संघटना आकारास आली. नावातच सेवा होती. जत्रा-मेळ्यांतील गर्दीत हरवलेल्यांना वाट दाखवणे आणि आजाऱ्यांना उचलून नेणे हेच तिचे शिबिर. म्हैसूर, बडोदा आणि हैदराबाद या संस्थानांतही पथके निघाली. आपल्याकडे स्काउटाला ‘बालवीर’ हा सुंदर मराठी शब्द मिळाला.

१५/
दार बंद ठेवण्यात अर्थ उरला नाही. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आला आणि येथील अनेक संघटना एका छत्राखाली आल्या. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. ऐक्य टिकले नाही. १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी भरली. बेडन-पॉवेल तिला उपस्थित होता. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्याने काढलेले उद्गार येथे अपमानकारक वाटले. अनेकांनी मूळ संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. ज्याने जबाबदारी टाकून मुलांवर विश्वास ठेवायला शिकवले, त्यालाच एका संपूर्ण देशावर तो विश्वास ठेवता आला नाही. इतिहासात माणसे अशी अर्धवट मोठी असतात. त्यांचे दोन्ही अर्धे पाहावे लागतात.

१६/
स्वातंत्र्यानंतर दोन मोठ्या संघटना वेगळ्या राहण्याचे कारण उरले नाही. मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी आणि विव्हियन बोस यांनी विलीनीकरणासाठी प्रयत्न केले. त्या वेळी पक्वासा मध्य प्रांत व वऱ्हाडचे राज्यपाल म्हणून आणि बोस मुख्य न्यायाधीश म्हणून नागपुरात होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर मुलींनी विचारलेला आणि मद्रास-अलाहाबादला भारतीयांनी विचारलेला, असे दोन्ही प्रश्न येथे एका नावाखाली आले.

१७/
आता पुन्हा त्या शनिवारच्या मैदानावर येऊ. परीक्षक वही घेऊन फिरतो आहे. एका तुकडीत सहावीतला एक नवखा मुलगा आहे. त्याची गाठ सारखी सुटते. नायकापुढे दोन वाटा आहेत. त्याला बाजूला सारून गाठ स्वतः बांधायची, म्हणजे वेळ वाचेल. किंवा शेजारी बसून त्याच्याकडूनच ती बांधून घ्यायची. पहिल्या वाटेने कदाचित त्या दिवसाचे दोन गुण मिळतील. पण गुण तुकडीला द्यायचे, ही पद्धत रचली गेली ती दुसऱ्या वाटेसाठी.

१८/
गुणांच्या वहीत एक रकाना मात्र कधीच नव्हता : मैदानाबाहेर कोण राहिले? खडकी-लोणावळ्याच्या पहिल्या पथकांनी कितीही नेटके तंबू ठोकले असले, तरी ते उत्तर त्या वहीत मिळत नाही. ते शोधायला विव्हियन बोस, ॲनी बेझंट, श्रीराम बाजपेयी आणि आद्याक्षरांमागे नाव लपवून आलेल्या मुलींपर्यंत जावे लागते. पुढच्या वेळी तुमच्या गावातील शिबिर पाहायला गेलात, तर ढाल कोणी जिंकली हे जरूर विचारा. कुंपणापाशी उभे राहून पाहणारी मुले कोण आहेत, त्यांना शुल्क परवडत नाही की त्यांच्या शाळेत पथकच नाही, हेही विचारा. ब्राउनसीवर साडेतीन शिलिंगांची सोय याच प्रश्नाचे उत्तर म्हणून केलेली होती.

धागा समाप्त. आपल्या शाळेतील जुन्या स्काउट-गाइड पथकाविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा आणि त्यांच्या आठवणी येथे जरूर लिहा.