टी-रेक्सचा जवळचा नातेवाईक कोण? डायनोसॉरच्या वंशवृक्षाचा न सुटलेला वाद

‘ज्युरासिक पार्क’वाला टी-रेक्स थेरोपॉड गटातला. दोन पायांवर चालणारे, बहुतेक मांसाहारी डायनोसॉर या गटात येतात. आजचे सगळे पक्षी यांच्यातूनच आले, म्हणजे तुमच्या खिडकीत बसणारं कबूतरही वर्गीकरणाच्या हिशेबाने थेरोपॉडच. यावर आता फारसं भांडण उरलेलं नाही. भांडण आहे ते या गटाचे सख्खे भाऊबंद कोण, यावर.

1887 मध्ये हॅरी सीली या ब्रिटिश अभ्यासकाने कंबरेच्या हाडांवरून डायनोसॉरचे दोन भाग केले. कंबरेतलं जघनास्थी हे हाड पुढे झुकलेलं असेल तर सॉरिस्किया (सरड्यासारखी कंबर), मागे वळलेलं असेल तर ऑर्निथिस्किया (पक्ष्यासारखी कंबर). थेरोपॉड आणि लांब मानेचे सॉरोपॉड पहिल्या भागात गेले; ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस दुसऱ्या. गंमत म्हणजे पक्षी आले ते ‘सरडा’वाल्या भागातून! कोडमध्ये कुणी व्हेरिएबलला असं नाव दिलं असतं तर रिव्ह्यूमध्येच परत आलं असतं.

जवळपास 130 वर्षं हाच आराखडा चालला. मग मार्च 2017 मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी ‘नेचर’मध्ये सांगितलं की थेरोपॉड हे सॉरोपॉडपेक्षा ऑर्निथिस्कियाच्या जवळचे आहेत. या नव्या जोडीला त्यांनी ऑर्निथोस्केलिडा म्हटलं. हे नाव थॉमस हक्सली यांनी 1870 मध्येच वापरलं होतं.

हे ठरवतात कसं? एक मोठी स्प्रेडशीट डोळ्यांसमोर आणा. रांगेत 74 प्राणी, कॉलममध्ये हाडांची 457 वैशिष्ट्यं. प्रत्येक चौकटीत 0, 1 असे आकडे, आणि हाड सापडलंच नसेल तर प्रश्नचिन्ह. मग सॉफ्टवेअर असा वंशवृक्ष शोधतं ज्यात कमीत कमी बदल मानावे लागतील. फक्त 10 प्राणी घेतले तरी 3 कोटी 44 लाखांहून जास्त वृक्ष शक्य असतात. 74 प्राण्यांचे सगळे वृक्ष तपासणं कुठल्याही कॉम्प्युटरला जमणार नाही, म्हणून शॉर्टकट अल्गोरिदम वापरतात.

पण खरी गडबड अल्गोरिदममध्ये नाही, इनपुटमध्ये आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्स लँगर आणि सहकाऱ्यांनी हाच तक्ता घेतला, मूळ हाडं पाहून बऱ्याच नोंदी बदलल्या आणि पुन्हा रन केला. जुना वृक्ष परत आला! मात्र दोन वृक्षांमधला फरक इतका कमी होता की संख्याशास्त्राच्या चाचणीत तो टिकला नाही. म्हणजे सीलीचा आराखडाही नीट सिद्ध झाला नाही.

एक प्राणी किती फरक पाडतो बघा. चिलीमध्ये सापडलेला चिलेसॉरस 2015 मध्ये शाकाहारी थेरोपॉड म्हणून जाहीर झाला. 2017 मध्ये बॅरन आणि बॅरेट यांनी त्याला आपल्या तक्त्यात घातलं, तर तो थेट ऑर्निथिस्कियाच्या बुडाशी जाऊन बसला.

अडचण मुळाशी आहे. सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वीचे सुरुवातीचे डायनोसॉर एकमेकांसारखेच दिसायचे आणि त्यांचे सांगाडे बहुतेकदा अर्धवट मिळतात. अर्जेंटिनाचा हेरेरासॉरस त्याच काळातला. धारदार दात, दोन पायांवर चाल, म्हणून अनेकांनी त्याला सुरुवातीचा थेरोपॉड मानलं. बॅरनच्या वृक्षात मात्र तो सॉरोपॉडांच्या बाजूला जातो. म्हणून मी तरी सध्या जुनाच वृक्ष वापरतो, पण बुडाशी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून.