लिंगाला भाषा काय आहे? ती कोण बोलतं?

30 ऑक्टोबर 1974. किन्शासातल्या स्टेडियममध्ये मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत सुरू होती. प्रेक्षक ओरडत होते, 'अली, बोमा ये!' म्हणजे 'अली, ठार कर त्याला!' आठव्या फेरीत फोरमन कोसळला. जगभर गाजलेले हे शब्द लिंगालातले होते.

लिंगाला ही बांटू गटातली भाषा. मुख्यतः डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ कांगो आणि शेजारच्या रिपब्लिक ऑफ कांगोमध्ये ती बोलली जाते. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या कांगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत आणि लिंगाला दोन्हीकडे चालते. दुसरी भाषा म्हणून ती वापरणारे धरले तर बोलणाऱ्यांची संख्या काही कोटींत जाते.

तिचा जन्मही नदीवरचाच. इथले व्यापारी बोबांगी भाषा वापरायचे. 1880च्या दशकात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचे अधिकारी आले. ते आणि त्यांच्यासोबतचे आफ्रिकी शिपाई, मजूर मोडकीतोडकी बोबांगी बोलू लागले आणि त्यातून नवी बोली तयार झाली. पुढे मिशनऱ्यांनी तिला व्याकरण आणि पुस्तकं दिली. वसाहतीच्या फौजेत हुकूमही तिच्यातूनच सुटायचे. 1965 ते 1997 सत्तेत असलेले मोबुटू लिंगालात भाषणं करायचे. त्यामुळे पूर्वेकडच्या स्वाहिली भाषकांच्या मनात ही भाषा बंदूकधाऱ्यांशी जोडली गेली.

पण सीमेपलीकडे ती पोहोचली गाण्यांमुळे. फ्रँको, पापा वेंबा यांचा कांगोली रुम्बा आफ्रिकेत दूरवर वाजला. 2021 मध्ये युनेस्कोनं रुम्बाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

थोडी लिंगाला शिकायची? 'म्बोते' म्हणजे नमस्कार. 'मोतो' म्हणजे माणूस, अनेकवचन 'बातो'; बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो. दुसऱ्या अक्षरावर सूर चढवलात, तर 'मोतो'चा अर्थ डोकं होतो! 'लोबी' म्हणजे काल आणि उद्याही, अगदी हिंदीतल्या 'कल'सारखं. टेबलाला 'मेसा' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपल्या बटाटा आणि पावासारखाच.

किन्शासाच्या देशात लिंगाला ही किकोंगो, स्वाहिली आणि चिलुबासोबत चार राष्ट्रीय भाषांपैकी एक आहे. अधिकृत भाषा मात्र फ्रेंच. बाजारात, बसमध्ये लिंगाला. सरकारी कागदावर फ्रेंच. ज्याला फ्रेंच येत नाही, त्याला स्वतःच्याच देशातला अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. मे 2022 मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये 24 भाषांची भर पडली. त्यात गोव्याची कोंकणी होती आणि लिंगालाही.