हवेचे गायरान

दिवाळी म्हटली की मला फराळाच्या आधी रेडिओ आठवतो. नरकचतुर्दशीची पहाट, चुलीवर तापलेले पाणी, उटणे लावणारा आईचा गार हात, आणि माजघरातल्या फळीवरून येणारे आकाशवाणीचे कीर्तन. शेजारच्या घरातही तेच, पलीकडच्या घरातही तेच. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले तरी कीर्तनातला एक शब्द चुकत नसे.

यंदा आठवीच्या वर्गात ही आठवण सांगत होतो. एका मुलाने विचारले, "सर, रेडिओ ज्याच्या घरात त्याचा, पण हवेतून येणारी ती लहर कुणाची?" वर्ग हसला, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ध्यानात आले, की या एका प्रश्नावर अमेरिकेसारखे राष्ट्र शंभर वर्षे भांडत आले आहे. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

१९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग शहरातल्या केडीकेए या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल हवेतून सांगितला, आणि पुढे केंद्रांचे पेवच फुटले. वर्तमानपत्रे, दुकानदार, विद्यापीठे, चर्च, ज्याला त्याला आपला आवाज हवा होता. पण हवेत जागा मोजकी. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले, की ऐकणाऱ्याच्या कानी नुसती खरखर. १९२६ साली न्यायालयाने सांगितले, लहरी ठरवून देण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेलाच नाही. मग तर सारा गोंधळच माजला. तेव्हा १९२७ मध्ये तिथल्या काँग्रेसने रेडिओचा कायदा केला. त्याचे मर्म असे, की लहर कुणाच्याही मालकीची होणार नाही. ती ठराविक मुदतीपुरती परवान्याने वापरायला मिळेल, आणि परवाना देताना पाहायचे ते लोकांचे हित, सोय आणि गरज. आपल्या खेड्याच्या भाषेत सांगायचे तर हवा हे गायरान ठरले. गुरे खुशाल चारा. पण सातबारा तुमच्या नावावर चढणार नाही!

परंतु गायरानाला हळूच कुंपण घालणारा धनदांडगा प्रत्येक गावात असतोच. १९२६ मध्ये निघालेल्या एनबीसी या कंपनीने देशभरच्या केंद्रांच्या एक सोडून दोन साखळ्या बांधल्या होत्या, 'रेड' आणि 'ब्लू'. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे तिथल्या दळणवळण आयोगाने, १९३८ मध्ये याची चौकशी आरंभली आणि १९४१ मध्ये नियम केला: एका कंपनीने दोन साखळ्या चालवू नयेत. कंपनी न्यायालयात गेली. आमच्या भाषणस्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे तिचे म्हणणे. १९४३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचा युक्तिवाद सरळ होता: रेडिओ सर्वांनाच वापरता येणे शक्य नाही, म्हणूनच तो कुणी वापरावा याला नियम लागतो. शेवटी 'ब्लू' साखळी ऐंशी लाख डॉलरला विकली गेली. घेणारे एडवर्ड नोबल हे 'लाइफ सेव्हर्स' नावाच्या गोळ्या विकून श्रीमंत झालेले गृहस्थ! त्यांच्या साखळीचे पुढे एबीसी झाले.

पुढची चाळीसेक वर्षे कुंपणाला मर्यादा होती. १९५३ मध्ये ठरले, की एका मालकाची दूरचित्रवाणी केंद्रे पाचांहून अधिक नसावीत. १९७५ मध्ये एकाच गावातले वर्तमानपत्र आणि प्रक्षेपण केंद्र एका हाती नव्याने जाऊ नये, असा नियम आला. मग वारे फिरले. १९९६ च्या कायद्याने रेडिओ केंद्रांच्या देशव्यापी संख्येवरची मर्यादाच उठवली. त्यापूर्वी एका मालकाला फार तर चाळीस केंद्रे ठेवता येत; काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या कंपनीकडे बाराशेंहून अधिक केंद्रे जमली.

आकड्यांनी मन हलत नाही, म्हणून एका रात्रीची गोष्ट सांगतो. १८ जानेवारी २००२. नॉर्थ डकोटा राज्यातले मायनॉट गाव कडाक्याच्या थंडीत निजले होते. पहाटे दीडच्या सुमारास मालगाडी रुळांवरून घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर पसरला. एक माणूस दगावला, शेकडो जखमी झाले. गावातली सहाही व्यापारी रेडिओ केंद्रे त्या एकाच कंपनीची होती. पोलिसांनी केंद्रात फोन केले, ते लागेनात. कंपनीने म्हटले, की इशारा देण्याचे यंत्र पोलिसांनीच नीट वापरले नाही. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण गावकऱ्यांच्या मनात एक प्रश्न राहिलाच: सहा केंद्रे सहा घरांची असती, तर त्यांतला एखादा तरी दिवा जागा नसता का?

पुढच्याच वर्षी हा वाद चव्हाट्यावर आला. आयोगाचे अध्यक्ष मायकेल पॉवेल म्हणत, की केबल आणि इंटरनेटच्या युगात जुने निर्बंध कालबाह्य झाले आहेत. हे म्हणणे पोकळ नव्हते. लहान वर्तमानपत्रे तग धरण्यासाठी सोबती शोधतच होती. उलट आयोगाचेच सभासद मायकेल कॉप्स आणि जोनाथन अॅडलस्टीन गावोगाव सभा घेत हिंडले. बंदूकधाऱ्यांची संघटना आणि स्त्रीहक्कांची संघटना एरवी एकमेकींचे तोंड पाहणार नाहीत. याबाबतीत दोघी एका बाजूला उभ्या राहिल्या! लाखो लोकांनी पत्रे धाडली. तरीही २ जून २००३ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम सैल केले. एका मालकाची दूरचित्रवाणी केंद्रे देशातल्या ३५ टक्के घरांपर्यंत पोहोचू शकत, ती मर्यादा ४५ झाली. सप्टेंबरात सिनेटने ५५ विरुद्ध ४० मतांनी याचा निषेध केला, आणि २००४ च्या आरंभी कायद्याने ३९ वर तडजोड झाली. बाकीचे बरेच नियम फिलाडेल्फियाच्या न्यायालयात अडकले. २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा सैल दिली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती ग्राह्य धरली.

आपल्याकडे काय? मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीनेच सुरू केले होते. १९३० मध्ये ती बुडाली आणि रेडिओ सरकारच्या हाती गेला. एक मालक जाऊन दुसरा एक मालक आला, एवढेच! पुढे १९९५ च्या फेब्रुवारीत क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि धनिकांचीही नको.

माझ्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी हेच उत्तर दिले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे माझीसुद्धा?" होय बाळा, तुझीसुद्धा. मात्र गायरान आपले आहे हे गाव विसरले, की कुंपण रातोरात पडते. शेजाऱ्याचा दिवा आपल्या दिव्याहून निराळा असतो, म्हणूनच आळी उजळते. सारे दिवे एकाच्याच तेलावर जळू लागले, तर ज्या रात्री त्याचे तेल सरेल त्या रात्री काय करायचे, याचा विचार दिवाळीतच केलेला बरा.