काचेवरचे थेंब आणि सिलिकॉनवरचे पुंज

पावसाळ्यात ठाण्याच्या खोपट एसटी स्थानकात उभ्या गाडीत बसले, की बंद काचांवर आतून बाष्प धरते. नीट पाहिले तर सगळे थेंब सारखे नसतात. एखादा मोठा थेंब शेजारच्या लहान थेंबांना सामावून घेऊन आणखी मोठा होतो. घन पृष्ठभागावर धातूची वाफ जमू दिली, तरी बहुधा असेच घडते; अणूंची लहानमोठी बेटे तयार होतात. असे असताना 2002 साली बीजिंगच्या ची-कुन श्वे व सहकाऱ्यांनी सिलिकॉनवर इंडियम धातूचे एकाच मापाचे, शिस्तीत मांडलेले पुंज मिळवले. हे कसे साधले?

उत्तरासाठी 1959 सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात श्लियर आणि फार्न्सवर्थ यांनी सिलिकॉनचा स्फटिक निर्वातात तापवून स्वच्छ केला आणि त्यावर मंद इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. परतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नक्षीवरून एक आश्चर्य कळले. पृष्ठभागावरची रचना, आतल्या थरांच्या मानाने, सातपट अंतरावर पुन्हा पुन्हा येत होती. तिला 'सात गुणिले सात' असे नाव मिळाले.

असे का व्हावे? स्फटिकात प्रत्येक सिलिकॉन अणूला चार शेजारी असतात. पृष्ठभागावर वरचा शेजारी नसतो, म्हणून एक बंध मोकळा राहतो. साध्या मांडणीत 49 अणूंच्या तुकड्यात असे 49 मोकळे बंध उरले असते. अणू जागा बदलतात आणि ते 19 वर येतात. ऊर्जा कमी होते, म्हणून ही मांडणी टिकते.

पण अणू नेमके कुठे बसतात, हे पुढे चोवीस वर्षे कोणी पाहू शकले नाही. 1983 साली झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेतील बिनिग आणि रोहरर यांनी आपल्या नव्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने हा पृष्ठभाग टिपला. लेखणीयंत्राने काढलेल्या रेषा एकामागे एक जोडून त्यांनी त्याचा उठाव तयार केला. त्यात प्रत्येक तुकड्यात बारा उंचवटे आणि कोपऱ्यांवर खळगे दिसले. 1986 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता. 1985 साली जपानच्या ताकायानागी यांनी आतली रचना उलगडली. सुमारे 2.7 नॅनोमीटर बाजूचा समभुज चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, आणि एका त्रिकोणात थरांची रचना चुकलेली.

धातूचे अणू नेमके याच रचनेला प्रतिसाद देतात. 1988 साली जर्मनीतील टॉश आणि नेडरमायर यांनी दाखवले, की चांदी प्रथम 'चुकलेल्या' त्रिकोणात बसणे पसंत करते. बीजिंगच्या प्रयोगात इंडियमच्या सहा अणूंचा त्रिकोणी पुंज फार स्थिर ठरला. म्हणून एक पुंज मोठा आणि दुसरा लहान, असे झाले नाही.

या वाढीला 'स्वयंसंघटित' म्हणतात. मात्र हा शब्द वर्गात वापरताना जपावे. अणूंना शिस्त लागते, पण त्यासाठी अतिनिर्वात लागतो, सिलिकॉन सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश थंड करावे लागते, आणि धातू अगदी मोजका सोडावा लागतो. तापमान कमी पडले तर अणू भलत्या जागी अडकतात, फार वाढले तर धातू मूळची नक्षीच मोडून टाकतो.

हे समजावायला स्वयंपाकघरातले आप्पेपात्र पुरेल. मूठभर वाटाणे एका सपाट ताटात आणि तेवढेच आप्पेपात्रात टाका. दोन्ही हलकेच हलवा. ताटात ते कुठेही जमतील, आप्पेपात्रात खळग्यांत बसतील. फार जोरात हलवले तर उडून बाहेर पडतील, न हलवले तर कडांवर अडून राहतील. हलवणे म्हणजे उष्णता. खरे खळगे मात्र खोलीचे नसून बंधांच्या ऊर्जेचे असतात, हे सांगायला विसरू नये. मग विद्यार्थ्यांना विचारा, वाटाणे 'आपोआप' बसले का? 1959 पासूनचा हा इतिहास सांगतो, की पुंजांची शिस्त समजण्याआधी त्यांच्याखालची जमीन समजावी लागली.