सोळा बटणे, सोळा मात्रा

१९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांची एचएमव्हीने एक तबकडी काढली: डिस्को ठेक्यावर दहा राग. माणूस सिनेमाच्या वाद्यवृंदातला. हाताशी रोलँड या जपानी कंपनीची यंत्रे, त्यांतले एक टीआर-८०८ हे तालयंत्र. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक थक्क झाले, कारण शिकागोचे तसले संगीत १९८७ च्या सुमाराचे.

मला त्या यंत्राची १६ बटणे खुणावतात. तिथे ताल मांडून ठेवायचा असतो. ज्या घरात ठोका हवा ते बटण दाबायचे, दिवा लागतो, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. अशा ओळी एकापुढे एक जोडल्या की गाण्याचा ताल तयार.

तीनतालाच्याही मात्रा १६च. पण त्याच्या ठेक्यात १० ते १३ मात्रांवर डग्गा गप्प असतो. डिस्कोचा जड ठोका १, ५, ९ आणि १३ वर. म्हणजे तेराव्या घरात डग्गा थांबतो नि यंत्र दणकते. बालगंधर्वांच्या नाटकांना साथ करणारे उस्ताद अहमदजान थिरकवा ज्या परंपरेतले, तिथे हात कुठे उचलायचा हेही शागिर्दाला शिकावे लागते. यंत्रातही बटण मोकळे सोडता येते. फक्त ते सोडणाऱ्याला ताल ठाऊक हवा.

लग्नसराईत घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळताना बेंजो पार्टी आडवी येते. ऑक्टोपॅडवर काड्या चालू असतात. मी तेरावी मात्रा ऐकतो.