झिजलेल्या दांत्यांची साक्ष

यंत्र बिघडून अपघात झाला म्हणजे दोष चालविणारावर टाकणें सोपें असतें. चालविणारा हयात नसला तर तें अधिकच सोपें होतें. ५ एप्रिल १९९१ रोजीं अमेरिकेंत अटलांटाहून ब्रन्सविक या किनाऱ्यावरील गांवीं निघालेलें एक लहान प्रवासी विमान उतरण्याच्या बेतांत असतां धांवपट्टीच्या अलीकडेच कोसळलें, व २० उतारू आणि ३ कर्मचारी असे सर्व २३ जण मृत्यु पावले. मृतांत माजी सेनेटर जॉन टॉवर व अंतराळवीर सनी कार्टर हे होते. आदल्याच दिवशीं सेनेटर जॉन हाइन्झ हेही विमान-अपघातांत गेले होते. तेव्हां लोकांचें लक्ष या थोर नांवांकडे लागलें, हें साहजिकच होय. आम्हांस मात्र या हकीकतीचें मर्म एका लहानशा दांड्याच्या दांत्यांत दिसतें.

विमान ब्राझीलच्या एम्ब्रेअर कारखान्याचें, दोन पंख्यांचें, व अवघें कांहीं महिने वापरलेलें होतें. वैमानिकांचें संभाषण किंवा यंत्रांची गति टिपून ठेवणारें एकही नोंदयंत्र त्यावर नव्हतें. एवढ्या लहान विमानास त्या वेळीं तशी सक्तीच नव्हती. जमिनीवरून पाहणारांनीं इतकेंच सांगितलें कीं, विमान डावीकडे कलत कलत पार आडवें झालें व नाकावर पडलें. एवढ्यावरून वैमानिक चुकला असें कोणी म्हटलें असतें, तर उत्तर द्यावयास कोण होतें?

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासनिसांनीं भंगारच बोलतें केलें. अशा पंख्याचीं पातीं आपला कोन बदलूं शकतात. जमिनीवर तीं अगदीं सपाट केलीं तरी चालतें. आकाशांत तसें झालें कीं तोच पंखा लगाम बनून विमानास एका बाजूनें मागें खेंचतो. डाव्या पंख्याचें नेमकें हेंच झालें होतें. इंजिनें मात्र ठीक चालत होतीं. कोन राखणाऱ्या यंत्रांत एक दांतेरी दांडा एका नळीच्या दांत्यांत अडकून फिरतो. या नळीवर टिटॅनियमच्या संयुगाचा कठीण व खरखरीत लेप दिलेला होता, आणि त्यानें दांड्याचे दांते खाऊन टाकले. उंसाच्या चरकांतील एका लाटेचे दांते लोखंडी व दुसरीचे लांकडी केले, तर आधीं कोणते झिजतील हें आमचा गुऱ्हाळवालाही सांगेल!

दांते गेले तरी पातीं आपोआप वाऱ्याला धार करून निरुपद्रवी होतील, असा पंखा करणाऱ्या हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीचा भरंवसा होता, व सरकारी विमानखात्यानें त्यावरच संमति दिली होती. तो भरंवसा खोटा ठरला. मंडळानें १९९२ सालीं निर्णय दिला तो असा: पातीं कोणी न हलवितां सपाट झालीं, आणि तीं पुन्हां ताळ्यावर आणणें वैमानिकांस शक्यच नव्हतें, सदोष रचना व तिला मिळालेली मान्यता हीं या अपघातास साह्यभूत झालीं. मृत वैमानिकांच्या बाजूनें दुसरा साक्षीदार नव्हता. होते ते हेच झिजलेले दांते.