विचारून उभारलेले घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील भूमी हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून किल्लारीचे लोक निजले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद! उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्परच काळ ठरले. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. त्याच्या वाटा दोन होत्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रस्ते सरळ, घरे ओळीत. परंतु अनेक ठिकाणी शेत लांब पडले, गोठ्याला जागा उरली नाही, भावकी विखुरली. इतर हजाराहून अधिक गावांत लोकांनी आपली घरे जुन्याच जागी स्वतः दुरुस्त केली. तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कसे मिळते, भिंत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधावी, हे त्या घरोघर समजावीत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडीत. चूल सांभाळणारी स्त्री बांधकामाचा हिशेब विचारू लागली, ही त्या पुनर्वसनाची खरी कमाई होय.

हा धडा शहरांनाही लागू आहे. १९९३ सालीच अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज त्या मर्यादेपलीकडे गेली आहेत. मांजरा धरण आटले तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणवठ्यांभोवती जमावबंदी जारी झाली. गोदाकाठच्या नांदेडला याउलट भय पुराचे. टँकरची वाट कोणत्या गल्लीत किती पाहावी लागते हे घागर वाहणाऱ्या स्त्रीला ठाऊक असते. पाणी प्रथम कोठे शिरते हे काठावरच्या झोपडीला. नगराच्या आराखड्यात ही दोन्ही ज्ञाने हवीत.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले. तो हिशेब कोणाबरोबर बसून करावा, याचे उत्तर दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात दिले: निर्णयाच्या चर्चेत स्थानिक लोकांना खास स्थान असावे. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबेही नगराचे घटक आहेत. प्रभागाच्या सभेत आपली खुर्ची रिकामी राहिली, तर आपल्या शेजारच्या गरिबाचे म्हणणे तेथे कोण मांडणार?